दोरीच्या टोकावरची मोजणी

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर हॉरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन ११ माणसे दगावली आणि पुढे ८७ दिवस समुद्रतळातून तेल वाहत राहिले, तेव्हा आपल्या किनाऱ्याच्या खऱ्या अवस्थेचा पुरावा आपल्याच दफ्तरी असावा, अशी निकड लुइझियानातील रहिवाशांना भासू लागली. आणि विमान भाड्याने घेण्याची ऐपत नसलेल्या त्या मंडळींनी पतंग, हेलियमचे फुगे आणि साधे डिजिटल कॅमेरे एवढ्या सामग्रीनिशी मोजणी आरंभिली. ‘पब्लिक लॅब’ ही संस्था याच उद्योगातून उभी राहिली. जेम्स वॉलेस ब्लॅक याने १८६० साली बॉस्टनवर दोरबंद फुग्यात स्वतः बसून चित्रे घेतली होती. पब्लिक लॅबच्या पद्धतीत माणूस खालीच राहतो. याच पद्धतीचे काम लुइझियानातील खाऱ्या दलदलीच्या काठी मी जवळून पाहिले.

पहाटे, वारा उठण्यापूर्वी, नळकांड्यातून वायू भरण्यास प्रारंभ होतो. एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो, आणि पाच फूट व्यासाच्या फुग्यात तो पावणेदोन घनमीटरांच्या आसपासच मावतो. व्यास सहा फुटांपलीकडे गेला की विमानवाहतूक खात्याचे कायदेकानू लागू होतात, त्यामुळे फुगा वाढवून वजनाची अडचण भागविण्याची सोय नसते. सारी काटकसर म्हणून कॅमेऱ्यापाशी चालते. शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीचे बूड कापून, तिच्या पोटात कॅमेरा भिंग खाली करून बसवितात आणि बाटलीची मान दोरीला बांधतात. चित्र घेण्याच्या कळीवर पेन्सिलीचा एक तुकडा ठेवून त्यावरून रबरबँड ताणला, की कळ दबलेली राहते आणि कॅमेरा एकामागून एक चित्रे टिपत सुटतो. फुग्याचे तोंड पिळून, दुमडून, त्यावर दोरीचे वेढे घेताना मात्र कोणी बोलत नाही. ही गाठ सुटली तर सारा सरंजाम खाडीत जावयाचा.

नंतरची ढील देण्याची रीत पतंग उडविलेल्या कोणासही परिचित वाटावी, फरक इतकाच की नायलॉनची दोरी तळहात कापते म्हणून हातमोजे सक्तीचे. वारा वाढला की फुगा वर चढण्याऐवजी आडवा होऊन पाण्याकडे दबू लागतो. मग तो उतरवून पतंग काढावा लागतो. वारा अनुकूल असला तर दोरी धरणारा चिखलातून किंवा होडीतून सावकाश पुढे सरकतो, कारण लगतच्या दोन चित्रांत काही भाग समाईक आल्याखेरीज पुढे त्यांची जोडणी होत नाही.

ही जोडणी घरी, टेबलाशी बसून चालते. पुसट आणि तिरकी चित्रे बाद करून उरलेली एकेक, ज्ञात वळणे आणि धक्के यांच्याशी ताडून, नकाशावर बसवितात. येथे यंत्राहून माहितगाराचा डोळा अधिक उपयोगी पडतो. गवताच्या कडेची काळी रेघ ही सावली की तेल, ही ओहळाची वाट पूर्वीची की किनारा खचून नव्याने पडलेली, याचा निवाडा तेथेच जाळी टाकीत आयुष्य घालविलेला कोळी देऊ शकतो. आणि अशा माणसाच्या हाती दोरीही असते व नकाशाही, हेच या खटाटोपाचे खरे मोल आहे.