बंब गेला, गिझर आला... पण हिशेब करूनच!

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना आठवतं ते ऊन, कूलर आणि संत्री. आमच्याकडे थंडीही पडते, हे सांगितलं तर पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांना मग २०१८ सालच्या २९ डिसेंबरची आठवण करून द्यावी लागते. त्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता! अशा दिवसांत घर गरम ठेवायला आपल्याकडे काही यंत्रणा नसते. फार तर अंगणात शेकोटी आणि अंगावर स्वेटर. आपली खरी ‘गरम’ यंत्रणा एकच, आंघोळीच्या पाण्याची. आणि ती सांभाळायची कोणी? अर्थातच घरातल्या बाईनं.

आमच्याकडे हे काम तांब्याचा बंब करायचा. सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासूनचा. मधोमध नळी, खाली जाळी, बाजूला तोटी. जितकं गरम पाणी काढलं तितकं गार पाणी वरून ओतायचं. गावाकडून कोणी आलं की पऱ्हाट्या-तुराट्या यायच्या, नाहीतर टालावरून लाकडं. पहाटे पाचला उठून तो पेटवायचा मान सासूबाईंचा. मान कसला, शिक्षाच ती! ओली लाकडं लागली की न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत धूरच धूर. गेल्या काही हिवाळ्यांत त्यांचा खोकला संक्रांत उलटली तरी थांबत नव्हता. डॉक्टरांनी सरळ विचारलं, “घरात चूल आहे का?” आम्ही म्हणालो, “नाही, गॅस आहे.” बंब कोणाच्या लक्षातच आला नाही!

तुमच्याकडेही असंच असेल, बघा. स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई म्हणतात, “ताई, सिलिंडर महाग पडते, पाणी आपलं लाकडावरच तापते.” धूर स्वयंपाकघरातून निघतो आणि मागच्या दारी जाऊन बसतो, एवढंच.

शेवटी बंबानंच निर्णय घेतला. बुडाशी गळायला लागला. डाग लावून झाले, तरी थेंब थांबेना. आता काहीतरी नवं घ्यायचं. हातात पैसे होते आठ हजार. त्यात शाळेची फी जवळ आलेली.

आधी बादल्या मोजा

पहिली चूक आम्ही तीच केली, जी सगळे करतात. सर्वांत स्वस्त वस्तू आणली. पाणी तापवायचा रॉड! काहीशे रुपयांत काम झालं म्हणून खूश होतो. आठवड्यातच धाकट्यानं पाणी तापलं का म्हणून बादलीत बोट घालायला हात पुढे केला. रॉड चालूच होता. मी ओरडले म्हणून वाचला. त्या दिवशी रॉड माळ्यावर गेला आणि मी वही-पेन्सिल घेऊन बसले.

हा हिशेब अगदी सोपा आहे, मैत्रिणींनो. १५ लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.४ युनिट वीज लागते. रॉड असो की गिझर, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. आमच्या घरी माणसं पाच. म्हणजे रोजच्या पाच बादल्या, दोन युनिट. महिन्याला ६० युनिट. नागपुरात खरं गरम पाणी लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीचंच पाणी हातावर घेववत नाही! म्हणजे वर्षाला २४० युनिट झाले.

आता तुमचं वीजबिल काढा आणि नीट बघा. बिलात टप्पे असतात. १०० युनिटांच्या पुढे गेलं की दर एकदम चढतो. गिझरचे ६० युनिट हे वरचे, म्हणजे महाग टप्प्यातले धरायचे. सरासरी दरानं हिशेब केला तर फसगत होते.

गॅसवर पातेलं ठेवून पाणी तापवलं तर? उष्णतेचा बराच भाग पातेल्याच्या बाजूनं हवेत जातो. तो वजा केला तर १४.२ किलोचं एक सिलिंडर १०० ते ११० युनिटांएवढं काम देतं. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला १०५ नं भागा. आलेल्या आकड्यापेक्षा तुमच्या वरच्या टप्प्यातलं युनिट महाग असेल, तर गॅस स्वस्त. युनिट स्वस्त असेल, तर वीज. पण उकळत्या पाण्याचं जड पातेलं उचलून न्हाणीपर्यंत न्यायचं, तेही घरात लहान मुलं असताना, याचाही हिशेबात विचार हवा ना?

सौर बंबाचा मोह

शेजारणीच्या गच्चीवर सौर बंब बसला, तेव्हा मलाही मोह झाला. नागपूरला उन्हाचा काय तोटा! काचेच्या नळ्यांचा १०० लिटरचा संच आमच्या घराला पुरला असता. विजेचं बिल नाही, धूर नाही. पण बसवण्यासह किंमत आमच्या आठ हजारांच्या दुपटीहून अधिक. आणि वापर फक्त चार महिने. वर्षाला २४० युनिटच वाचणार असतील, तर घातलेले पैसे निघायला कित्येक हिवाळे जातील. घरात माणसं जास्त असतील, बाळंतीण असेल, बारा महिने गरम पाणी लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सौर बंबासारखी दुसरी सोय नाही.

इथे एक गोंधळ दूर करते. २०२४ साली आलेली ‘पीएम सूर्यघर’ योजना छतावर वीज तयार करणाऱ्या सौर पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सौर बंबाला त्यातून अनुदान मिळत नाही. दोन्ही वस्तू गच्चीवरच बसतात, म्हणून नावांची गल्लत होते. दुकानदार ‘सबसिडी मिळेल’ म्हणाला, तर कशाला मिळेल ते आधी विचारा.

स्वस्तातला धोका

मग आमच्याकडे एक मिस्त्री आले. म्हणाले, “वहिनी, गॅस गिझर लावून टाका. बजेटमध्ये बसते, नळ सोडला की गरम पाणी.” आमची न्हाणी जुन्या घरातली. चार बाय पाच फुटांची, खिडकी नाही, वर एक लहानसा झरोका. तोही थंडीत आम्ही गोणपाटानं बुजवलेला. मिस्त्री तिथेच आत गिझर ठोकायला निघाले होते!

गॅस गिझर आत जळताना खोलीतला प्राणवायू वापरतो. हवा पुरेशी नसली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. असे मृत्यू दर हिवाळ्यात कुठे ना कुठे होतात. गॅस गिझर लावायचाच असेल, तर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. आमच्याकडे बाहेर जागाच नव्हती. मिस्त्रींना चहा देऊन निरोप दिला.

आणि हो, हाच वायू कोळशाच्या शेगडीतूनही निघतो. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. शेगडी अंगणातच बरी.

किंमत वस्तूची नि बसवण्याची

शेवटी ठरला साधा, टाकीचा, विजेवरचा १५ लिटरचा गिझर. तीन लिटरचा छोटा गिझर स्वस्त होता. पण तो तीन किलोवॅटचा, जुन्या वायरिंगवर भार अधिक. शिवाय थंडीत त्यातून कोमट धार हवी असेल तर नळ बारीक ठेवावा लागतो, बादली भरायला सात-आठ मिनिटं जातात. टाकीचा गिझर दोन किलोवॅटचा. २० ते २५ मिनिटांत पाणी ६० अंशांवर येतं आणि गार पाणी मिसळलं की जवळपास दोन बादल्या होतात.

गिझर बर्डीवरून आणला. बजेटमध्ये बसला म्हणून मी निःश्वास टाकते तोच वायरमन म्हणाले, “तुमच्याकडे अर्थिंगच नाही जी!” जुन्या घरात तिसरी तार कुठेच नव्हती. अर्थिंग, मीटरपासून नवी जाड तार, १६ अँपिअरचा सॉकेट आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं ईएलसीबी. यादी वाढत गेली. माझे डोळे पाणावले. ‘हे’ म्हणाले, “सध्या असंच लावू, अर्थिंग पुढच्या वर्षी.” ओल्या अंगानं ज्या यंत्राखाली उभं राहायचं, त्याचं अर्थिंग पुढच्या वर्षी?

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आत गेल्या आणि बंबाचं झाकण हातात घेऊन आल्या. “तांब्याला मोडीत बरे पैसे येतात,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, अहो तुमची आठवण आहे ती!” तर म्हणाल्या, “ज्यानं छातीत धूर भरला, त्याला कशाला छातीशी धरून बसू? देऊन टाक.”

इतवारीत बंब वजनावर गेला. आलेल्या पैशांत अर्थिंग झालं, तार झाली, ईएलसीबीही बसलं.

आता पहाटे बटण दाबलं की झालं. धूर मात्र जगातून गेला, असं मी मानत नाही. आमच्या न्हाणीतला धूर कोराडीच्या चिमणीतून निघतो, कारण वीज कोळशाचीच. म्हणून पाणी तापलं की बटण बंद. दिवसभर चालू ठेवलं की तापलेलं पाणी निवतं, पुन्हा तापतं आणि बिल वाढतं. यंदा संक्रांतीला सासूबाईंनी तिळाचे लाडू स्वतः वळले. न खोकता. आमच्या खरेदीचा खरा हिशेब मला तिथे जुळला.

खरेदीला जाण्यापूर्वी

* घरात माणसं किती, बादल्या किती, महिने किती, हे कागदावर लिहा. त्यावर वस्तू निवडा.
* गिझरच्या किमतीत अर्थिंग, वायर, सॉकेट, नळजोडणी यांचा खर्च मिळवूनच बजेट ठरवा.
* टाकीच्या गिझरवरचे ‘स्टार’ बघा. जास्त स्टार म्हणजे तापलेलं पाणी हळू निवतं.
* बोअरचं पाणी असेल, तर आत क्षारांचा पांढरा थर बसतो. हिवाळा सुरू होण्याआधी गिझर साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा दांडा तपासून घ्या.
* रॉड वापरायचाच असेल, तर आयएसआय खुणेचाच घ्या. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नको. मुलं आसपास असतील, तर रॉड नकोच.
* न्हाणीचा झरोका थंडीतही उघडाच ठेवा.