काळा कातळ हे खनिज नव्हे

सह्याद्रीचा काळा कातळ कोणत्या खनिजाचा, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, कारण कातळ म्हणजे खनिज नव्हेच. तो बेसॉल्ट नावाचा खडक आहे. त्याची नुकती फुटलेली कपची उन्हात धरून भिंगाखाली पाहा. गडद पार्श्वभूमीवर फिकट, चमकणाऱ्या बारीक काड्या दिसतील. त्या फेल्डस्पारच्या, आणि भोवतीचा काळपट भाग मुख्यतः पायरॉक्सीनचा. ही दोन खरी खनिजं. बेसॉल्ट तयार होतो तो अशी खनिजं एकमेकांत घट्ट गुंतून. त्याचा हातात मावेल किंवा भिंतीत बसेल असा तुकडा सुटा झाला की आपण त्याला दगड म्हणतो. दगड हा रोजच्या वापरातला शब्द आहे, त्याला शास्त्राची काटेकोर व्याख्या नाही.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे खाणीतून निघेल ते खनिज. भूशास्त्राच्या अटी वेगळ्या आहेत. पदार्थ निसर्गात तयार झालेला हवा, घन हवा, त्याची रासायनिक घडण ठरलेली हवी आणि त्यातले अणू ठराविक रचनेत बसलेले हवेत. या कसोटीवर दगडी कोळसा नापास होतो. तो खाणीतूनच येतो, पण झाडापाल्याच्या अवशेषांपासून झालेला, ठरलेली घडण नसलेला खडक आहे. उलट हिमालयातला बर्फ पास होतो! अणूंची रचना किती महत्त्वाची आहे ते हिरा आणि ग्राफाइट दाखवतात. दोन्ही निव्वळ कार्बन, पण रचना वेगळी म्हणून खनिजंही दोन. जगात आजवर सुमारे सहा हजार खनिजांची नोंद झाली आहे.

या घोळात कायद्याच्या भाषेने भर घातली आहे. 1957च्या खाण कायद्यात इमारतीचा दगड, वाळू, साधी माती यांना गौण खनिज म्हटलं आहे, आणि तहसील कार्यालयापासून वर्तमानपत्रापर्यंत तोच शब्द चालतो. परवाने आणि स्वामित्वधन यांसाठी तो ठीकच आहे. पण खडी, मुरूम ही शास्त्राच्या अर्थाने खनिजं नव्हेत, हे विद्यार्थ्यांना तरी स्पष्ट सांगायला हवं.

स्वयंपाकघरात हा फरक थेट अनुभवाला येतो. ओट्याचा कडाप्पा आणि जमिनीची शहाबादी फरशी दोन्ही चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्साइट या खनिजाचे. कॅल्साइट आम्लात विरघळतं. फरशीच्या नको असलेल्या तुकड्यावर खिळ्याने ओरखडा काढा, त्या भुकटीवर लिंबाचा रस पिळा आणि नीट बघा. बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. ओट्यावर लिंबू सांडलं की पांढुरका डाग उरतो तो याच कारणाने, आणि तो घासून जात नाही, कारण तिथला पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. संगमरवराचंही तसंच, तोही कॅल्साइटचाच. ग्रॅनाइटवर लिंबाचा असा परिणाम होत नाही. मात्र दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यातही मुख्य खनिजं फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, म्हणजे तो आपल्या बेसॉल्टचाच भाऊबंद. खऱ्या ग्रॅनाइटचे फिकट, जाड कण नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात आणि त्यात गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, भरपूर वाटा असतो.

कातळात सापडणारे चमकदार स्फटिक बाहेरून येऊन चिकटले असावेत असंही अनेकांना वाटतं. ते तिथेच वाढलेले असतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तेव्हा त्यातल्या वायूचे बुडबुडे गोठून पोकळ्या राहिल्या. पुढे कातळात झिरपलेल्या गरम पाण्यात खनिजद्रव्यं विरघळली आणि त्या पोकळ्यांत थराथराने जमली. गुलाबीसर स्टिल्बाइट, पांढऱ्या सुयांचं स्कोलेसाइट, काचेसारखं अ‍ॅपोफिलाइट यांनी महाराष्ट्राचं नाव जगभरच्या संग्रहालयांत पोचवलं आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट तर जगात सर्वोत्तम मानलं जातं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. त्याची पहिली ओळख अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये झाली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजं पाहायला मिळतात, मुलांना जरूर न्या.

कोकणातला जांभा हाही खडकच. भरपूर पावसात कातळातलं सिलिका धुऊन गेलं आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवा लागली की तो घट्ट होतो. खडक म्हणजे सुरुवातीपासून टणकच, हा समज इथे टिकत नाही. याच प्रक्रियेतून कोल्हापूर-रत्नागिरीकडे बॉक्साइट तयार झालं आहे. त्याला सगळे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज म्हणतात, पण तेही एक खनिज नाही, गिब्साइटसारख्या काही खनिजांचा मिळून झालेला खडक आहे.