सकाळी निघा, सांजेला परत या
अॅरिझोनाच्या आठशे मैलांच्या पायवाटेवरच्या काही फेऱ्या

गावातल्या कोणाचा मुलगा, कोणाची लेक आता अमेरिकेत नोकरीला असते, आणि आईवडिलांना एकदा तरी तिकडचे बोलावणे येतेच. तुमचे कोणी अॅरिझोना राज्यात, फिनिक्स किंवा टूसॉन शहराच्या आसपास राहत असेल, तर हा मजकूर कापून ठेवा. मोठमोठी दुकाने पाहून झाली की शेतातल्या माणसाला चौथ्या दिवशी घरात कोंडल्यासारखे होते. पायांना चाल हवी असते, डोळ्यांना रान हवे असते. ते दोन्ही तिथे आहे.

या राज्याच्या दक्षिणेला मेक्सिकोची सरहद्द आणि उत्तरेला यूटा राज्य. या दोन टोकांना जोडणारी सुमारे 800 मैलांची, म्हणजे जवळजवळ 1,290 किलोमीटरची एक पायवाट आहे. मुंबई ते नागपूर अंतराच्या दीडपट म्हणा ना! फ्लॅगस्टाफ गावचे एक शाळामास्तर, डेल श्यूवॉल्टर, 1985 साली ही वाट जमेल का हे पाहायला दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत स्वतः चालत गेले. मग गावोगावच्या लोकांनी टिकाव-फावडी घेऊन ती तुकड्यातुकड्याने जोडली. 2009 साली तिला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला आणि 2011 च्या अखेरीस हिला नदीजवळचा शेवटचा तुकडा पुरा झाला. मास्तर 2010 सालीच वारले होते. सबंध वाट चालायला दोन महिने तरी हवेत. तेवढा वेळ आपल्याला नसतो, पण तिचे तुकडे एकेका दिवसात चालून घरी परतता येते.

मात्र आधी ऋतू पाहा. आपली माणसे बहुधा एप्रिल-मेमध्ये, सुगी आटोपून निघतात. खालच्या वाळवंटात नेमका तोच काळ तापत जाणारा, आणि जूनमध्ये पारा सहज 43 अंशांवर जातो. दक्षिणेकडच्या सखल वाटांना नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले. उत्तरेकडच्या डोंगरांना सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टात तिथेही गडगडाटी पाऊस येतो आणि तिकडचे लोक त्याला चक्क ‘मॉन्सून’च म्हणतात. त्या दिवसांत कोरड्या ओढ्यात बसून भाकरी खाऊ नये. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. हे तुम्हाला सांगायला नको.

पहिली फेरी फिनिक्सच्या पूर्वेला, सुपीरियर या तांब्याच्या खाणींच्या गावाजवळची. पिकेटपोस्ट नावाच्या उभ्या कातळडोंगराच्या पायथ्यापासून वाट दक्षिणेकडे निघते. तीन-चार मैल जावे आणि तसेच परतावे. इथे पाहायचा तो साग्वारो निवडुंग. आपल्याकडे कुंपणाला असतो तो फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच, पण साग्वारोपुढे तो पोरसवदा! हा खांबासारखा सरळ 40 फुटांवर वाढतो. पहिल्या आठ वर्षांत मात्र त्याची वाढ इंच-दीड इंच एवढीच. बाजूचा पहिला हात फुटायला पन्नास ते शंभर वर्षे लागतात. कोवळे रोप उन्हात टिकत नाही; ते एखाद्या झाडाच्या सावलीत, त्याच्या बुडाशी वाढते. ते झाड पुष्कळदा मेस्कीट असते, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे भावंड. साग्वारोच्या अंगावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की मुळे जमिनीच्या वरच्या थरातले पाणी ओढतात, चुण्या उलगडतात, खोड फुगते. पुढे महिनोन्महिने ते त्याच साठ्यावर जगते. तिथले टोहोनो ओओधम लोक जूनमध्ये लांब काठीने त्याची फळे पाडतात, पाक करतात आणि त्याची दारू करून पावसाला बोलावतात. त्यांचे नवे वर्ष तिथून धरले जाते.

जाताना खिशात एक कंगवा ठेवा. चोया नावाचा निवडुंग नुसता घासला तरी त्याचा तुकडा कपड्याला चिकटतो. तो हाताने काढायला गेलात तर हातात रुततो.

या वाटेचा पुष्कळ भाग गुरांच्या चराईच्या रानातून जातो. पाण्यासाठी वाटसरूंची मदार पुष्कळदा गुरांच्या तळ्यांवर आणि हौदांवर असते. अशा तळ्याला तिकडे ‘टँक’ म्हणतात. हा इंग्रजी शब्द गुजराती-मराठी ‘टांके’वरून गेला असावा, असे कोशकार सांगतात. आपल्या गडांवरचे पाण्याचे टाके तेच. ते पाणी गढूळ, शेवाळलेले असते, गाळून-उकळून घ्यावे लागते. एका दिवसाच्या फेरीला त्यावर विसंबूच नका, पाणी घरून न्या. उन्हात चालणाऱ्याला तासाला अर्धा ते एक लिटर लागते. वाटेत फाटक लागेल. ते जसे होते तसे, उघडे तर उघडे, लावलेले तर लावलेले ठेवावे. आपल्या बांधावरून जाणाऱ्याने तसेच वागावे असे आपल्यालाही वाटतेच की.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या पश्चिम उतारावरून चाला. 8-9 हजार फुटांवर अॅस्पेनची झाडे सोन्यासारखी पिवळी होतात. होपी आणि नवाहो लोकांना हे डोंगर पवित्र आहेत. तिथले काही उचलू नये. उंचीवर दम लवकर लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी थोडेच चालावे.

शेवटची फेरी ग्रँड कॅनियनची, आणि हिच्याबद्दल जरा बजावून सांगायला हवे. ही दरी म्हणजे उलटा डोंगर. गड चढताना माणूस दमला तर परत फिरतो, आणि परतीला उतार असतो. इथे आधी उतार. पाय हलके पडतात, गार वाटते, ‘अजून थोडे’ म्हणत माणूस खाली जातो. चढ मागाहून, दुपारच्या उन्हात. शिवाय खाली जावे तशी उष्णता वाढते. दरवर्षी शेकडो लोकांना मदत पाठवावी लागते, काहींचा जीवही जातो, आणि त्यात धडधाकट तरुण असतात. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असे उद्यानाचे अधिकारीच सांगतात.

साउथ कायबाब वाटेने सीडर रिजपर्यंत जा. अंतर दीड मैल, उतार 1,120 फूट. वाटेत पाण्याचा थेंब नाही. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत वर या. नुसते पाणी पीत राहिल्यानेही अंगातले मीठ कमी होऊन चक्कर, उलटी, भूल येते, म्हणून खारे शेंगदाणे, चकली, लोणचे-भाकरी बरोबर असू द्या. खेचरांचा तांडा आला तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभे राहा आणि खेचरवाला सांगेल तसे करा.

खाली तळाशी नदीवर 1928 साली बांधलेला झुलता पूल आहे. त्याचे टनभर वजनाचे एकेक लांबलचक दोरखंड 42 हवासुपाई माणसांनी एका रांगेत खांद्यावर घेऊन, याच प्रकारच्या वळणांनी उतरवले.

उत्तर काठावर जाणार असाल तर आधी चौकशी करा. 2025 च्या जुलैत वणव्याने तिथली जुनी लॉज जळाली. दक्षिण काठावर वाटेच्या तोंडाशी खाजगी गाडी नेता येत नाही, उद्यानाची बस असते. पहाटेची पहिली धरा.