समोरचा माणूस लागतो

होओपोनोपोनो ही हवाईतली समेटाची रीत. तिचं नाव काढलं की आपल्याकडे चार वाक्यं सांगतात: मला वाईट वाटतं, मला माफ कर, आभारी आहे, माझं तुझ्यावर प्रेम आहे. डोळे मिटून, एकट्यानं म्हणायची. माझे एक मामा ती रोज म्हणतात. जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बोलणं तुटलं, ते मात्र तुटलेलंच आहे. म्हणून हवाईतल्या ओआहू बेटावर जायचा योग आला तेव्हा मूळ प्रकार पाहायचाच, असं ठरवलं.

मूळ रीतीत घरचे एकत्र बसतात. त्या बैठकीत परक्याला बसू देत नाहीत आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं. मला पाहायला मिळाला तो समाजसेवकांचा सराव. भांडण ठरवून घेतलेलं: दोन भाऊ, वडिलांची जागा. बैठक चालवणाऱ्याला हाकू म्हणतात. इथे सत्तरीच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना ‘आंटी’ म्हणत, तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं.

प्रार्थना झाली, विषय मांडला गेला. धाकटा थोरल्याकडे वळून म्हणाला, “तू तेव्हा...” आंटींनी तळहात वर केला. “माझ्याशी बोल.” दोघांनी एकमेकांशी बोलायचंच नाही, सगळं हाकूमार्फत. त्यानं पुन्हा सुरुवात केली. ‘तू’चा ‘तो’ झाला आणि आवाज आपोआप खाली आला. थोरल्याला मध्ये बोलता येईना, नुसतं ऐकावं लागलं. भांडण खोटं होतं, पण त्याचे कान लाल झाले होते.

मग आंटींनी बोलणं थांबवलं. हे होओमालू. तापलेली डोकी निवेपर्यंत गप्प बसायचं. कोपऱ्यातल्या वाडग्यात लिमू काला हे समुद्रशेवाळ ठेवलं होतं. त्या शांततेत त्याचा खारा, उग्र वास खोलीभर जाणवू लागला. जुन्या रीतीत समेट झाल्यावर ते खातात. वाद कांद्यासारखा पदर-पदर सोलत जायचा, एक पदर सुटला की खालचा दिसतो. “एका घराला ११ बैठका लागल्या,” आंटी म्हणाल्या. शेवटी चूक कबूल करून तोंडावर माफी मागायची आणि समोरच्यानं ती द्यायची. दोघांनीही सोडायचं, तेव्हा ते सुटतं.

ही रीत टिकली त्याचं मोठं श्रेय मेरी कावेना पुकुई यांचं. होनोलुलूच्या क्वीन लिलिउओकलानी बालकेंद्राच्या कामातून १९७२ साली ‘नाना इ के कुमू’ हे पुस्तक निघालं. एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक सहलेखिका यांच्यासोबत पुकुई यांनी त्यात ती तपशिलानं नोंदवली. एकट्यानं करायची पद्धत मॉर्ना सिमेओना यांनी १९७०च्या दशकात बसवली. त्या स्वतः परंपरेतल्या उपचारक होत्या, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. चार वाक्यं जगभर गेली ती त्यांच्यानंतर, २००७च्या ‘झीरो लिमिट्स’ या पुस्तकामुळे. पण ११ बैठकांबद्दल ऐकल्यावर मला ती अपुरी वाटतात. त्यांत कुणी तळहात वर करत नाही, आणि ‘नाही, असं झालं नव्हतं’ म्हणणारं कुणी समोर नसतं.

“समोरचा यायलाच तयार नसेल तर?” मी विचारलं.

“मग सुरूच होत नाही. आधी त्याच्या घरी जायचं. जेवायचं. परत जायचं.”

त्या ११ बैठकांमधल्या पहिल्या बैठकीआधी आंटी त्या घरातल्या थोरल्या मुलाकडे किती वेळा गेल्या होत्या, ते त्यांनी मोजलं नव्हतं.