पांढरकवडा ते पुणे : प्रवासाचा ताळेबंद

बँकेच्या सेवेत पस्तीस वर्षे इतरांचे ताळेबंद तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर स्वतःच्या एका खर्चाचा ताळेबंद मांडण्याचा योग आला, तो प्रवासाच्या निमित्ताने. चिरंजीव पुण्यात नोकरीस आहेत. त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा आम्हा उभयतांचे पांढरकवडा ते पुणे असे जाणे-येणे होते. हे अंतर सुमारे पावणेसातशे किलोमीटर आहे. आपल्या समाजातील बहुतेक व्यापारी कुटुंबांची मुले-मुली आज पुण्या-मुंबईत आहेत, खरेदी, लग्नकार्ये व यात्रा यांसाठीही मोटारीने दूरचे प्रवास घडतात. म्हणून माझ्या वहीतील काही नोंदी वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रारंभी एका चुकीची कबुली देणे आवश्यक आहे. 2023 सालच्या हिवाळ्यात पुण्याहून परतताना वाटेतील मुक्कामाचे हजार-दीड हजार रुपये वाचवावेत, असा विचार माझ्या मनात आला. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून आम्ही सायंकाळी सातला निघालो. मध्यरात्री छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. रस्ता सरळ, गुळगुळीत आणि निर्मनुष्य होता. सिंदखेडराजा मागे पडले. पहाटे दोनच्या सुमारास मेहकरच्या अलीकडे गाडीची डावी चाके कडेच्या पट्ट्यावर जाऊन थरथरली आणि शेजारून सौ.चा आवाज आला, "अहो!" माझे डोळे मिटले होते. किती क्षण, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच वर्षी 1 जुलैच्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली होती आणि 25 प्रवाशांचा मृत्यू झाला होता. ती जागा आम्ही काही वेळापूर्वीच ओलांडली होती. पुढच्या निर्गम मार्गाने खाली उतरून एका पेट्रोल पंपावर आम्ही उजाडेपर्यंत बसून राहिलो. मी वाचवलेल्या रकमेची खरी किंमत त्या रात्री मला कळली.

मार्ग कोणते आहेत?

आपले गाव राष्ट्रीय महामार्ग 44 वर आहे. पूर्वी त्याचा क्रमांक 7 होता. हा मार्ग नागपूर व हैदराबादसाठी उत्तम. परंतु पुण्यासाठी पश्चिमेकडे वळावे लागते. समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो, मात्र त्यात यवतमाळ जिल्हा नाही. तो गाठण्यासाठी काही जण प्रथम नागपूरची दिशा धरतात. ते म्हणजे उलट चालणे होय. आपल्यासाठी यवतमाळ, दारव्हा, कारंजा लाड हा रस्ता सोयीचा आहे. कारंजा येथे समृद्धीवर चढावे, संभाजीनगरला उतरावे आणि तेथून नेवासा फाटा, अहिल्यानगर, शिरूर या मार्गाने पुणे गाठावे.

दुसरा मार्ग जुना : कारंजाहून शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना व संभाजीनगर. तिसरा दक्षिणेचा : यवतमाळहून आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर असा राष्ट्रीय महामार्ग 361. ज्यांना सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे जावयाचे आहे त्यांनी तिसराच धरावा. पुण्यासाठी मात्र तो लांबचा पडतो.

समृद्धीचा हिशेब

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. एकूण लांबी 701 किलोमीटर. येथील पथकर अंतरानुसार आकारला जातो. मोटारीसाठी प्रारंभी प्रतिकिलोमीटर 1.73 रुपये असलेला दर 1 एप्रिल 2025 पासून 2.06 रुपये झाला. कारंजा ते संभाजीनगर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर धरले, तर पथकर सुमारे 515 रुपये होतो.

आता इंधन पाहू. माझी छोटी पेट्रोल मोटार ताशी 90 च्या वेगाने लिटरला सुमारे 18 किलोमीटर देते, तर 120 च्या वेगाने 14. जुन्या रस्त्यावर गावे, गतिरोधक व ट्रकच्या रांगा यांमुळे 16 मिळतात. पेट्रोलचा भाव लिटरला 105 रुपये धरून या मधल्या टप्प्यासाठी तीन हिशेब मांडले.

समृद्धीवरून 120 च्या वेगाने : पेट्रोल सुमारे 1,890 रुपये, पथकर 515, एकूण 2,405. समृद्धीवरूनच 90 च्या वेगाने : पेट्रोल सुमारे 1,470 रुपये, पथकर 515, एकूण 1,985. जुन्या रस्त्याने, अंतर 260 किलोमीटर धरून : पेट्रोल सुमारे 1,705 रुपये.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 120 ऐवजी 90 ने गेल्यास केवळ 42 मिनिटे अधिक लागतात आणि 420 रुपये वाचतात; म्हणजे एका मिनिटाला दहा रुपये. दुसरी, पथकर टाळण्यासाठी जुन्या रस्त्याने गेल्यास निव्वळ बचत 515 रुपयांची नव्हे, तर 280 रुपयांची होते, आणि त्यासाठी अडीच तास अधिक मोजावे लागतात. पथकर डोळ्यांना दिसतो म्हणून तो खुपतो. वेगात जळालेले पेट्रोल दिसत नाही. व्याज भरताना कुरकुरणारा ग्राहक मालावरील गळतीकडे दुर्लक्ष करतो, तसाच हा प्रकार आहे. आपापल्या वाहनाचे आकडे वेगळे असतील. ते तीन फेऱ्यांत स्वतः लिहून काढावेत.

समृद्धीवर मोटारीसाठी वेगमर्यादा 120 आहे. ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. उजवी लेन पुढे जाणाऱ्यांसाठी सोडून आपण आपल्या गतीने जावे. चढण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी, झिजलेले टायर बदलावेत आणि इंधन भरून घ्यावे.

वार्षिक पास कोणासाठी?

राष्ट्रीय महामार्गांसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. आरंभीचे मूल्य 3,000 रुपये; मुदत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते. साधारणतः एक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते. हा पास केवळ खासगी मोटार, जीप व व्हॅनसाठी आहे. दुकानाच्या मालवाहू गाडीस तो मिळत नाही, आणि एका गाडीचा पास दुसऱ्या गाडीस चालत नाही. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे राज्याच्या अखत्यारीतील असल्याने तेथेही त्याचा उपयोग नाही. पुण्याला समृद्धीवरून जाणाऱ्याने पास घेतला म्हणून समृद्धीचा पथकर माफ होईल, या भ्रमात राहू नये.

मग तो घ्यावा कोणी? एका नाक्याला सरासरी 80 रुपये धरले, तर 3,000 रुपयांत 37-38 नाके होतात. आपण महिन्यातून एकदा नागपूरला गेलो, तर दारोडा व बोरखेडी असे दोन नाके जाताना व दोन येताना, म्हणजे वर्षात 48 होतात. वरवर पाहता पास फायद्याचा वाटतो. परंतु 24 तासांत परत आल्यास जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच पैसे लागतात. त्यामुळे त्याच दिवशी परतणाऱ्याचा वर्षाचा खर्च 2,880 रुपये होतो, म्हणजे पासाच्या जवळजवळ बरोबरीचा. त्यात हैदराबादची एखादी फेरी किंवा राष्ट्रीय महामार्ग 361 वरून सोलापूरकडचा प्रवास मिळवला, तर मात्र पास निश्चित परवडतो. जे नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहतात, त्यांच्यासाठी स्थानिक मासिक पासही असतो. त्याची चौकशी अवश्य करावी. फास्टॅगमधील शिल्लक निघण्यापूर्वी पाहावी. 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर वैध फास्टॅग नसल्यास रोखीने दुप्पट व यूपीआयने सव्वापट पथकर आकारण्याचा नियम लागू झाला.

फ्रान्समधील एक धडा

माझी भाची व तिचे यजमान नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये असतात. जून 2024 मध्ये आम्ही दोघे तिच्याकडे गेलो असता पॅरिसहून दक्षिणेतील मोंपेलिए येथे मोटारीने जाण्याचा बेत ठरला. रूढ रस्ता लियॉं शहरावरून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून जातो. तो जवळजवळ सर्वत्र पथकराचा आणि सुट्टीत अतिशय गर्दीचा. भाची म्हणाली, "मामा, आपण क्लेरमॉं-फेरांवरून जाऊ." तेथून बेझिएपर्यंत जाणारा ए-75 हा सुमारे 340 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पठारावरून व डोंगरांतून जातो आणि जवळपास संपूर्ण विनामूल्य आहे. पैसे लागतात ते केवळ मियो येथील पुलावर. डिसेंबर 2004 मध्ये खुला झालेला हा पूल टार्न नदीच्या दरीवर उभा असून त्याचे सर्वोच्च टोक 343 मीटर उंच आहे. तेही द्यावयाचे नसतील, तर खाली उतरून मियो गावातून जाता येते. आम्ही मात्र पुलाचे पैसे आनंदाने दिले. कोठे वाचवावे आणि कोठे खर्च करावा, हे ठरवण्यासाठीच तर नियोजन असते.

तेथील दोन गोष्टी मला अनुकरणीय वाटल्या. द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा 130 आहे, परंतु पाऊस पडू लागताच ती 110 होते. दुसरी गोष्ट तेथील शासनाची रहदारीची पूर्वसूचना. 1976 पासून चालणाऱ्या या सेवेचे नाव 'बिझॉं फ्यूते', म्हणजे चतुर गवा. कोणत्या दिवशी किती गर्दी असेल हे हिरवा, नारिंगी, लाल व काळा अशा रंगांनी आधीच सांगितले जाते. 'काळ्या' दिवशी शहाणा मनुष्य निघतच नाही.

परत आल्यावर मी आपल्या दिनदर्शिकेवर तसेच रंग भरले. दिवाळीपूर्वीचा शनिवार, भाऊबीजेनंतरचा रविवार, दाट लग्नतिथी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांचा पहिला व शेवटचा दिवस हे काळे. मंगळवार-बुधवार बहुधा हिरवे. निवृत्त माणसाजवळ दिवस निवडण्याचे स्वातंत्र्य असते. व्यापाऱ्यानेही दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला एक दिवस जोडला तर ते साधते.

आमचा आजचा क्रम

त्या रात्रीनंतर आम्ही हा प्रवास दोन दिवसांत करतो. सकाळी सहाला निघून साडेसातच्या सुमारास यवतमाळ, सव्वानऊला कारंजा. तेथील प्राचीन मंदिरांत दर्शन घेऊन दहाला समृद्धीवर. कधी मेहकरला उतरून लोणारचे उल्कापाताने बनलेले सरोवर पाहतो, तर कधी सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान. पथकर अंतरानुसार असल्याने मध्येच उतरून पुन्हा चढण्यात विशेष तोटा नाही. डबा घरचाच असतो. दुपारी साडेचारपर्यंत संभाजीनगर. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आपला नियम वाहनचालकासही किती हितकर आहे, हे मला या वयात उमगले; कारण जेवणाची वेळ पाळली की दिवसाचे चालवणे आपोआप थांबते.

दुसऱ्या दिवशी सातला निघालो की दुपारी बारापर्यंत पुणे. शिक्रापूर ते वाघोली या पट्ट्यातील सायंकाळची कोंडी अशा वेळी बव्हंशी टळते. एखाद्या फेरीत अर्धा दिवस वेरूळसाठी राखून ठेवावा. लेणी क्रमांक 30 ते 34 ही जैन लेणी मुलांना अवश्य दाखवावीत. मंगळवारी मात्र वेरूळ बंद असते, हे ध्यानात असू द्यावे.

मुक्कामाचा खर्च वाढला, हे मी लपवीत नाही. परंतु वेग कमी केल्याने जाण्या-येण्याचे मिळून 840 रुपये वाचतात आणि एका साध्या धर्मशाळेतील खोलीचा बराचसा भार त्यातूनच उचलला जातो. उरलेली रक्कम मी प्रवासखर्चाच्या रकान्यात लिहीत नाही, विम्याच्या हप्त्यात लिहितो.

चिरंजीवांना त्या रात्रीची हकीकत मी बरेच दिवस सांगितली नव्हती. सौ.ने सांगितली. तेव्हा तो म्हणाला, "बाबा, यापुढे रेल्वेनेच या." मी त्याला वही दाखवली : निघण्याची वेळ, थांबे, मुक्काम, आणि अखेरची ओळ — सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. त्याने ती वाचली आणि गाडीची किल्ली मला परत दिली.