बोलती मलय : ‘कितोरांग’मध्ये तुम्ही नाही

आज मलयमधल्या ‘ला’ या शब्दाची पाळी होती, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. क्वालालंपूरच्या एका कचेरीत नव्यानेच रुजू झालेल्या वाचकबाईंचं पत्र आलंय, आणि त्यांनी विचारलेली गोष्ट माझ्या इतकी जिव्हाळ्याची आहे की ती बाजूला ठेववेना. जेवणाच्या सुट्टीत शेजारची सहकारी उठली आणि म्हणाली, ‘‘कितोरांग नाक् पर्गी माकान.’’ बाई मलय शिकल्या त्या इंग्रजी पुस्तकावरून. जेवायला निघाल्यात एवढं कळलं, म्हणून त्याही पर्स घेऊन उठल्या. तिच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी काही बोललं नाही, पण काहीतरी बिनसलं हे बाईंना जाणवलं. काय बिनसलं, हा त्यांचा प्रश्न.

सहकारी म्हणाली होती, ‘‘आम्ही जेवायला चाललोय.’’ ‘आपण’ म्हणाली नव्हती.

मराठी वाचकाला यापुढे समजावायची गरजच नाही. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’, हे आपण बोबडं बोलत असल्यापासून चुकत नाही. ग्रांथिक मलयमध्येही तशीच जोडी आहे : ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’, म्हणून इंग्रजीच्या वाटेने मलयकडे जाणारा इथे हमखास ठेचकाळतो. मराठी माणसाने मलय मराठीतूनच शिकावी असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

पण पुस्तक पाठ असतं तरी बाईंचं काम भागलं नसतं. ‘कामी’ तुम्हाला बातम्यांत, भाषणांत, दुकानाबाहेरच्या सूचनेत भेटेल. क्वालालंपूरच्या गप्पांत ते फारसं कानावर पडत नाही. तिथे त्याची जागा ‘कितोरांग’ने घेतली आहे, म्हणजे ‘किता’ अधिक ‘ओरांग’. ओरांग म्हणजे माणूस, ओरांगउटानमधला तोच. आता गंमत बघा. ‘किता’ ऐकणाऱ्याला पोटात घेतं, आणि त्यालाच ‘माणूस’ जोडला की ऐकणारा बाहेर! व्युत्पत्तीवर विसंबणारा इथे फसतो.

याच साच्यात ‘काउ ओरांग’चं झालं ‘कोरांग’, म्हणजे तुम्ही लोक, आणि ‘दिया ओरांग’चं ‘दियोरांग’, म्हणजे ते लोक. ही घडण आली कुठून? पेनांगच्या हॉक्कियन चिनी लोकांचं बोलणं ऐका. ‘वा लांग’ म्हणजे आम्ही, ‘लू लांग’ म्हणजे तुम्ही, ‘ई लांग’ म्हणजे ते. आणि ‘लांग’ म्हणजे माणूस! बंदरांतल्या बाजारात चिनी आणि मलय माणसं पिढ्यान्‌पिढ्या घासाघीस करत आली, त्या बाजारी मलयमध्ये हॉक्कियनचा साचा उतरला, असं मानलं जातं. मला ते पुरतं पटतं. हॉक्कियनमध्येही ‘आपण’साठी ‘लान’ हा वेगळा शब्द आहे. मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, टपरीवर तेह तारिक हा ‘ओढलेला’ चहा करणाऱ्या तमिळ माणसाकडे ‘नाम’ आणि ‘नांगळ’ आहेतच. म्हणजे त्या टपरीवर मलय, हॉक्कियन, तमिळ आणि तुम्ही मराठी असे चौघे बसलात, तर हा भेद चौघांनाही आईच्या भाषेतून मिळालेला असतो.

वापरताना एक जपा. ‘कोरांग’मध्ये ‘काउ’ आहे, म्हणजे ‘तू’ आहे. मित्रांच्या टोळक्यात चालेल, पण वडीलधाऱ्यांना म्हणालात तर उद्धटपणा होईल. त्यांना ‘पाकचिक समुआ’, म्हणजे ‘सगळे काका’, असं नात्याने हाक मारणं बरं. ‘दियोरांग’ला मात्र अशी अडचण नाही. उत्तरेकडे पेनांग-केडाहला हे दोन शब्दच बदलतात : तुम्ही म्हणजे ‘हांपा’, ते म्हणजे ‘देपा’.

पत्रलेखिकेला एवढंच सांगतो : ‘जोम’ची वाट पाहा. ‘जोम माकान!’ म्हणजे ‘चला, जेवायला!’ ‘जोम’मध्ये ऐकणारा असतोच, मग बिनदिक्कत उठा.

आणि समुद्र ओलांडून बोर्निओवर, सारावाकात गेलात तर तिथे याहून मौज आहे. तिथल्या मलयमध्ये ‘कामी’चं झालंय ‘कामेक’, आणि त्याचा अर्थ चक्क ‘मी’ असाही होतो. रुसलेलं मूल ‘आम्ही नाही बोलणार जा!’ म्हणतं, त्यातल्या ‘आम्ही’सारखा. ‘किता’चं झालंय ‘किताक’, आणि ते समोरच्या माणसासाठी वापरतात, ‘आपण कुठून आलात?’मधल्या आपल्या ‘आपण’सारखं. तेव्हा तिथल्या कुचिंग शहरात एखाद्या दुकानदार बाईंनी ‘‘किताक उदाह माकान?’’ असं विचारलं, तर त्या फक्त तुमच्या जेवणाची चौकशी करताहेत.