खेळपट्टी : हंगामोत्तर दुरुस्ती

क्रिकेटचा हंगाम संपल्यावर झिजलेल्या खेळपट्टीचा पृष्ठभाग पुढील हंगामासाठी पुन्हा सपाट, दृढ व तृणाच्छादित करण्याची प्रक्रिया. खेळपट्टी म्हणजे दोन्ही टोकांच्या यष्टींमधील 20.12 मी. (22 यार्ड) लांबीची व 3.05 मी. (10 फुट) रुंदीची पट्टी होय. तिचे क्षेत्रफळ जेमतेम 61 चौ. मी. भरते. मैदानाच्या विस्ताराच्या मानाने हे अत्यल्प असले, तरी खेळाचा दर्जा आणि फलंदाजाची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने याच पट्टीवर अवलंबून असतात. 25 डिसेंबर 1997 रोजी इंदूर येथील भारत-श्रीलंका एकदिवसीय सामना अवघ्या तीन षटकांनंतर, तर 27 डिसेंबर 2009 रोजी दिल्ली येथील याच दोन संघांमधील सामना पहिल्या डावातच, चेंडूच्या धोकादायक उसळीमुळे सोडून द्यावा लागला. दिल्लीची खेळपट्टी नव्यानेच घातलेली होती व ती पुरेशी बसलेली नव्हती. साधनसंपन्न मैदानांवरही असे घडते. मग शिरस्त्राण नसलेले तरुण जेथे खेळतात, अशा गावोगावच्या क्लबांच्या खेळपट्ट्यांकडे होणारे दुर्लक्ष क्षम्य म्हणता येत नाही.

खेळपट्टीची निगा हे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून अल्पवेतनी श्रमिकांचे काम राहिले आहे. भारतातील पहिल्या थोर गोलंदाजांपैकी एक, पळवणकर बाळू, यांनी पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे या कामाने दरमहा 3 रु. वेतनावर सुरुवात केली. सु. 1892 मध्ये ते यूरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा 4 रुपयांवर गेले. खेळपट्टी आखण्याचे व सरावाच्या जाळ्या उभारण्याचे काम करता करता त्यांनी तेथे गोलंदाजीचे कौशल्य संपादन केले. मातीचे खरे ज्ञान बहुधा माळ्याजवळच असते. क्लबाच्या समितीवर मात्र त्याला क्वचितच स्थान मिळते.

हवामान व वेळ : इंग्लंडमध्ये हंगाम सप्टेंबरअखेर संपतो व दुरुस्ती लगेच शरद ऋतूत करून थंड हवेत वाढणाऱ्या गवताचे बी पेरण्यात येते. तेथील पुस्तकांतील वेळापत्रक महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे सामान्यतः मे महिन्यात खेळ थांबतो व त्यानंतर पावसाळा येतो. (मुंबईची कांगा लीग स्पर्धा याला अपवाद असून ती 1948 पासून मुद्दाम पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळविली जाते.) हरळी हे खेळपट्टीचे मुख्य गवत उष्ण व दमट हवेत जोमाने वाढते; म्हणून येथे पावसाळा हाच पुनरुज्जीवनाचा काळ ठरतो. तथापि शिरूर तालुक्यातील निमोणे व आसपासची गावे, तसेच दौंड तालुक्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. जून-जुलैमधील पाऊस तेथे तुटपुंजा व लहरी असतो आणि खात्रीचा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरमध्येच पडतो. त्यामुळे सपाटीकरण मे महिन्यात उरकणे, हरळीची लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करणे व मातीचा अखेरचा पातळ थर ऑगस्टमधील उघडिपीत देणे, अशी विभागणी या भागात हितावह ठरते.

माती : क्लबाच्या खर्चातील सर्वांत मोठी बाब माती असते, असा समज आहे. घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत तो खरा नाही. बेसाल्ट खडकापासून बनलेली तेथील भारी काळी माती माँटमोरिलोनाइट प्रकारच्या चिकणमातीने समृद्ध असते. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकुंचन पावून घट्ट होते. आकुंचनाने येणारी ही घट्टताच खेळपट्टीला हवी असते. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील लाल मातीच्या खेळपट्ट्यांवर चेंडू अधिक उसळतो, ही गोष्ट खरी. परंतु लाल माती दुरून आणून काळ्या मातीवर पसरणे हा पैशाचा अपव्यय तर आहेच, शिवाय तांत्रिक दृष्ट्याही ती मोठी चूक आहे. निरनिराळ्या प्रमाणात फुगणारे दोन थर एकमेकांस चिकटत नाहीत. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो व त्यावर आपटलेला चेंडू कधी खाली राहतो, कधी अंगावर येतो. म्हणून मूळ खेळपट्टीची माती ज्या शेतातून आणली असेल, त्याच शेतातील माती दरवर्षी वापरावी, हा या विषयातील पहिला नियम होय.

माती निवडताना दोन दोष टाळावे लागतात. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात; ते बारीक चाळणीने काढून टाकतात. दुसरा दोष चोपणपणाचा. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या व निचरा नसलेल्या जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढते, मातीचे कण विखुरतात, वर कठीण पापुद्रा धरतो व हरळी मूळ धरीत नाही. अशी माती दिसण्यास चिकण असली, तरी त्याज्य समजावी. मातीची बंधनशक्ती ठरविण्यासाठी ब्रिटनमध्ये अ‍ॅडम्स-स्ट्यूअर्ट कसोटी वापरतात. तीत भिजवून मळलेल्या मातीची लहान गोळी पूर्ण वाळवून ती किती वजनाखाली फुटते, हे मोजतात. क्लबाने सावलीत आठवडाभर वाळविलेल्या सुपारीएवढ्या गोळ्या फोडून पाहिल्या, तरी दोन शेतांच्या मातींची तुलना होऊ शकते.

दुरुस्तीची कृती : प्रथम वाळलेल्या हरळीचे जाळे दाताळ्याने ओरबाडून पूर्णपणे काढतात व खेळपट्टी झाडून घेतात. हे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते; परंतु गवताचा कुजका थर माती व माती यांच्यामध्ये राहिला, तर पुढचे सर्व श्रम व्यर्थ जातात. हंगामात शेणाने सारवलेल्या खेळपट्टीवरील सारवणही याच वेळी खरवडून काढावे लागते. सारवण पहिल्या दिवशी देखणे दिसते, एवढाच त्याचा गुण.

त्यानंतर भेगा. कोरड्या भेगांमध्ये कोरडी माती झाडून भरण्याची पद्धत सर्रास आढळते व ती चुकीची आहे. भेग भरल्यावर पाऊस पडला, की फुगणाऱ्या मातीला बाजूला सरकण्यास जागा उरत नाही. ती वर उचलली जाते व खेळपट्टीवर उंचवटे तयार होतात. म्हणून तीन-चार दिवस झारीने थोडे थोडे पाणी देऊन भेगा आपोआप मिटू द्याव्यात व मगच सपाटी पाहावी.

गोलंदाजांच्या पावलांनी टोकांना पडलेले खड्डे उभ्या कडा ठेवून चौकोनी खणतात, तळातील भुगा काढून ओलावा देतात व वाफशावरची माती दोन-तीन सेंमी. जाडीच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकतात. प्रत्येक थराचा पृष्ठभाग पुढचा थर घालण्यापूर्वी खरडणे आवश्यक असते. या खड्ड्यांत सिमेंट ओतणे हा उपाय स्वस्त दिसला, तरी गोलंदाजाच्या घोट्याला व गुडघ्याला तो घातक असतो.

वरून द्यावयाच्या मातीचा थर सु. 3 मिमी. पेक्षा जाड नसावा. संपूर्ण खेळपट्टीस त्यासाठी सु. 0.18 घ. मी., म्हणजे साधारणपणे 200 ते 240 किग्रॅ. चाळलेली माती पुरते. एका बैलगाडीत ती मावते. थर देण्यापूर्वी पृष्ठभाग दाताळ्याने आडवा-उभा ओरखडतात, म्हणजे नवी माती जुन्या मातीत रुतते. तीन मी. लांबीची सरळ फळी व पाणसळ यांच्या साहाय्याने उंचसखलपणा तपासून माती खोलगट भागातच अधिक घालतात. सर्वत्र सारखी माती पसरत गेल्यास काही वर्षांनी खेळपट्टी पाठीवर कुबड आल्यासारखी दिसू लागते.

रूळ वाफशावरच फिरवावा. माती ओली असेल, तर ती रुळाला चिकटते व पुढे लाटेसारखी ढकलली जाते. कोरडी असेल, तर कितीही वजन घातले तरी दबत नाही. वाफसा कोणत्या दिवशी येतो, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. ज्वारीच्या मळणीसाठी पाणी शिंपून, बैल फिरवून व तिवड्याभोवतीची जमीन ठोकून खळे करण्याची जी जुनी रीत होती, तिच्यात आणि खेळपट्टी बांधण्यात तत्त्वतः फरक नाही. खळे केलेला वृद्ध शेतकरी या कामी क्लबाला पुष्कळ उपयोगी पडतो.

हरळीचे काडे 10 ते 15 सेंमी. अंतरावर लावतात. गवताचे काम केवळ माती धरून ठेवण्याचे नसून, मुळे खोलवरचे पाणी शोषून घेतात व त्यामुळे खेळपट्टी वरपासून खालपर्यंत सारखी वाळून घट्ट होते. रुळाने हे कार्य फक्त वरच्या काही सेंमी. पर्यंतच होऊ शकते. दर चौ. मी. ला 5 ग्रॅ. नत्र द्यावयाचे झाल्यास एका खेळपट्टीस सु. 670 ग्रॅ. यूरिया लागतो.

पाणी : अवर्षणप्रवण भागात हा प्रश्न खर्चाइतकाच नैतिकही आहे. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला, तेव्हा मैदानांवर खर्च होणारे पाणी हाच वादाचा विषय होता. मात्र संपूर्ण मैदान व एक खेळपट्टी यांत भेद केला पाहिजे. रोज 5 मिमी. या हिशेबाने एका खेळपट्टीस सु. 300 लि., म्हणजे दोनशे लिटरची दीड पिंपे पाणी लागते. हरळी रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडेच हे पाणी रोज द्यावे लागते. ओल्या गोणपाटाने खेळपट्टी झाकल्यास त्यात बचत होते. ज्या गावात टँकरने पाणी येते, तेथे त्या वर्षी लागवड पुढे ढकलून केवळ सपाटीकरण करणे योग्य.

पाण्याची सोय मुळीच नसल्यास मुरमाच्या पट्टीवर काथ्याची चटई अंथरून खेळतात. अशा पट्टीची दुरुस्ती सोपी असते : वरचा मुरूम उकरणे, मोठे खडे वेचणे, पाणी मारून रूळ फिरविणे आणि चटईचे उसवलेले काठ शिवून घेणे. चटई कोरडी करून गुंडाळून ठेवली नाही, तर एका पावसाळ्यात ती कुजते. दुरुस्त केलेल्या मातीच्या खेळपट्टीवर ऑक्टोबरअखेरपर्यंत खेळू नये. पहिले एक-दोन सामने कमी वेगाच्या गोलंदाजीचे, शक्यतो मुलांच्या सरावाऐवजी प्रौढांचे ठेवून उसळी पाहावी व मगच ती सर्वांसाठी खुली करावी.